स्पाऊस स्पॉन्सरशिपची फाईल टाकली, आता सगळं शांत: या महिन्यांत करायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात पीआर, म्हणजे तिथला कायम रहिवासी. लग्न गेल्या वर्षी पुण्यात झालं. त्याने तुम्हाला तिकडे कायमचं नेण्यासाठी स्पॉन्सरशिपची फाईल टाकून आठ महिने झाले. एओआर, म्हणजे अर्ज मिळाल्याची पोच, आला, बायोमेट्रिक झालं, चार महिन्यांपूर्वी मेडिकल झालं, ते पासही दिसतंय आणि त्यानंतर फाईलीची स्थिती दाखवणाऱ्या ऑनलाइन ट्रॅकरवर पान हललेलं नाही. मग नोकरीचा राजीनामा द्यावा का, तोवर व्हिजिटर व्हिसा टाकावा का, आणि ‘आत ओळख आहे, फाईल पुढे सरकवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे द्यावेत का?

एजंटाचं आधी उरकून टाकू. देऊ नका. कॅनडाच्या इमिग्रेशनच्या कामात पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार तिथल्या लॉ सोसायटीच्या सदस्यांना, क्युबेकच्या नोटरींना आणि सीआयसीसी या नियामक संस्थेच्या परवानाधारक कन्सल्टंटांनाच आहे. त्यांची यादी ऑनलाइन उघडी आहे, दोन मिनिटांत नाव तपासता येतं. आणि यादीतला माणूससुद्धा फाईल नीट बांधून देऊ शकतो, पत्राला चांगलं उत्तर लिहून देऊ शकतो, पण रांगेत पुढे नेऊ शकत नाही. ‘आत ओळख आहे’ हे वाक्य ज्याच्या तोंडी आलं, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. असे लोक कधीकधी अर्जदाराच्या नावाने परस्पर वेबफॉर्म (इमिग्रेशन खात्याला ऑनलाइन निरोप पाठवायचा फॉर्म) भरतात किंवा पोर्टलचा पासवर्ड मागून घेतात. त्यातून जे चुकीचं लिहिलं जाईल, त्याची जबाबदारी तुमची धरली जाते.

आता मुख्य गोष्ट. ‘अजून किती दिवस?’ हे तुमचं बाहेरचं गाऱ्हाणं आहे. खरी अडचण वेगळी आहे. फाईल टाकली त्या दिवशीचं तुमचं आयुष्य कागदावर थांबलं: तेव्हाचा पत्ता, नोकरी, पासपोर्ट, घरातली माणसं. प्रत्यक्ष आयुष्य पुढे चाललंय. अधिकारी कधीतरी फाईल उघडेल तेव्हा त्याला कागद आणि माणूस जुळलेले दिसायला हवेत. प्रतीक्षेच्या काळात बिघडणाऱ्या फायली बहुतेक वेळा इथेच बिघडतात. मूळ अर्ज चांगला असतो, मधल्या काळात काहीतरी बदलतं आणि ते कोणी कळवत नाही.

तुमच्या फाईलीला नेमके किती महिने लागतील हे तीन-चार गोष्टींवर ठरतं: फाईल कोणत्या ऑफिसकडे आहे, गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती देशांत राहिलात, दोघांपैकी कोणाचं आधी लग्न झालं होतं का, कोणाचा आधी कुठला व्हिसा नाकारला गेलाय का. नवरा क्युबेकमध्ये असता तर उत्तर आणखी वेगळं झालं असतं, कारण तिथे प्रांताची वेगळी मंजुरी लागते आणि अर्जांवर प्रांताची स्वतःची मर्यादा असते. ओंटारिओ असल्याने तो भाग सोडून देऊ.

मेडिकलनंतर शांतता का असते? मेडिकल हा एका फाईलीतला एक रकाना आहे. त्याच्याबरोबर आणखी रकाने समांतर चालतात: स्पॉन्सर पात्र आहे का, नातं खरं आहे का, गुन्ह्यांची नोंद आहे का, सुरक्षेच्या दृष्टीने काही प्रश्न आहे का. नातं तपासणारा अधिकारी आणि पार्श्वभूमी तपासणारी यंत्रणा वेगळी असते. एकाचं काम झालं तरी दुसऱ्याचं होईपर्यंत फाईल तशीच दिसते. ट्रॅकर फक्त मोठे टप्पे दाखवतो. फाईल एका ऑफिसातून दुसऱ्याकडे गेली, कोणी उघडून दोन ओळी लिहून बंद केली, यातलं काहीच त्यावर उमटत नाही. वर दरवर्षी पती-पत्नी, जोडीदार आणि मुलं या गटाच्या जागा सरकार आधी जाहीर करतं. २०२४ साठी तो आकडा ८२,००० होता, २०२५ साठी ७०,००० केला. जागा कमी झाल्या आणि अर्ज तेवढेच राहिले की रांग लांबते, तुमच्या फाईलीत काही खोट असो वा नसो. खात्याने परदेशातल्या जोडीदाराच्या अर्जासाठी स्वतःला घालून घेतलेलं मापही १२ महिन्यांचं आहे, तेसुद्धा ८० टक्के फायलींपुरतं. म्हणजे पाचातली एक फाईल त्याबाहेर जाणार हे त्यांनीच गृहीत धरलंय. आठव्या महिन्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आत काय चाललंय हे बघायचा कायदेशीर मार्ग आहे: जीसीएमएस नोट्स, म्हणजे खात्याच्या संगणकात तुमच्या फाईलीवर झालेल्या नोंदी. माहितीच्या अधिकाराखालचा हा अर्ज कॅनडात असलेल्या माणसाने करायचा, म्हणून तो नवऱ्याने करावा. तुमची संमती म्हणून आयएमएम ५७४४ हा फॉर्म सही करून त्याला द्या. फी ५ डॉलर. कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, प्रत्यक्षात थोडं पुढे-मागे होतं. हातात येतो तो पानापानांचा प्रिंट असतो, त्यातलं बरंचसं कोड वाटतं. आधी ‘एलिजिबिलिटी’, ‘सिक्युरिटी’, ‘क्रिमिनॅलिटी’ आणि ‘मेडिकल’ या ओळींसमोर काय लिहिलंय ते बघा. ‘नॉट स्टार्टेड’ असेल तर कोणी हातच लावलेला नाही. ‘पास्ड’ असेल तर तो रकाना संपला. ‘रिव्ह्यू रिक्वायर्ड’ असेल तर शेवटच्या पानांवरच्या अधिकाऱ्याच्या टिपणांत कारण सापडू शकतं. नोट्स तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मागवण्यात काही हशील नसतं, बहुतेक ओळी कोऱ्याच असतात. वर्ष होत आलं, तरी शांतता असेल तेव्हा मागवा. आणि एकदा मागवल्या की लगेच महिन्याभरात पुन्हा मागवू नका, त्याच ओळी परत येतील.

वेबफॉर्मचंही तसंच. दर पंधरा दिवसांनी ‘कृपया स्टेटस कळवा’ लिहिलं की साचेबद्ध उत्तर येतं. वेबफॉर्मचा खरा उपयोग बदल कळवायला आहे. पत्ता बदलला, नोकरी बदलली, नवा पासपोर्ट आला, दुसऱ्या देशात राहायला गेलात, गरोदर आहात, मूल झालं: प्रत्येक वेळी एक वेबफॉर्म, त्यात अर्ज क्रमांक, दोघांची पूर्ण नावं, जन्मतारखा, बदल काय आणि कोणत्या तारखेपासून, सोबत पुराव्याचा स्कॅन. चार ओळी पुरतात. आलेला पोचपावतीचा ईमेल जपून ठेवा. पुढे ‘तुम्ही कळवलं नाही’ असं म्हटलं गेलं तर हीच पावती कामी येते.

नावाचा घोळ मराठी घरांत फार होतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि आडनावही बदलतं. भारतीय पासपोर्टवर पहिलं आणि मधलं नाव एकाच रकान्यात असतं. त्यामुळे पदवीवर एक नाव, पासपोर्टवर तेच पण वेगळ्या क्रमाने, आधारवर सासरचं आणि विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं अशी चार रूपं सहज तयार होतात. अर्ज पासपोर्टवरच्या नावाने केला असेल आणि बाकीची नावं ‘आधी वापरलेली नावं’ या रकान्यात लिहिली असतील तर काही अडत नाही. अडतं ते प्रक्रिया चालू असताना हौसेने पासपोर्टवरचं नाव बदलून घेतल्यावर. मग मेडिकल एका नावाचं, पोलिस प्रमाणपत्र एका नावाचं आणि व्हिसा छापायचा पासपोर्ट तिसऱ्याच नावाचा. लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. लँडिंग (पीआर म्हणून कॅनडात पहिल्यांदा दाखल होणं) होईपर्यंत पासपोर्टवरच्या नावाला हात लावू नका. पासपोर्टची मुदतच संपत आली असेल तर मात्र आताच नवा काढा, त्याच नावाने, आणि जुन्या-नव्या दोन्हींची पहिली पानं वेबफॉर्मने पाठवा. व्हिसाची मुदत पासपोर्टच्या मुदतीपुढे जात नाही, म्हणून चार-सहा महिने उरलेला पासपोर्ट शेवटच्या टप्प्यात नसती घाई करायला लावतो.

पत्त्याचंही असंच आहे. माहेरच्या पत्त्यावर पासपोर्ट, राहणं सासरी, आणि पोलिस प्रमाणपत्राच्या चौकशीला शिपाई माहेरी जाऊन ‘इथे राहत नाहीत’ असा शेरा मारून येतो. पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलिस क्लिअरन्स ५०० रुपयांत मिळतो, पण अर्जात सध्या प्रत्यक्ष राहता तो पत्ता द्या आणि त्याचा पुरावा जवळ ठेवा. फाईलीतलं प्रमाणपत्र जुनं झालं म्हणून स्वतःहून नवं पाठवायची गरज नाही, मागितल्यावर काढा. मात्र वय १८ झाल्यापासून, गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त दुसऱ्या कुठल्या देशात राहिला असाल, कंपनीने ऑनसाइट पाठवलं असेल, तर त्या देशाचंही प्रमाणपत्र लागतं. ते फाईलीत आहे ना, हे आज बघा. परदेशातून असं प्रमाणपत्र यायला बरेच आठवडे जाऊ शकतात आणि पत्र आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते तयार असलेलं बरं.

मेडिकल तपासणीपासून १२ महिने चालतं. तुमचं चार महिन्यांपूर्वी झालं, म्हणजे आठ महिने हातात आहेत. मुदत संपायला आली तरी स्वतःहून परत करू नका. खातं गरज असेल तर मुदत वाढवतं किंवा नवं पत्र पाठवतं, आणि पत्राशिवाय केलेल्या तपासणीचे पैसे वाया जायची शक्यता असते. एक भीती अनेकांना असते, की मधुमेह किंवा थायरॉइड निघालं तर पीआर नाकारतील. जोडीदाराला आरोग्यसेवेवरच्या जादा भाराचं कलम लागू होत नाही, कायद्यातच सूट आहे. थांबवतं ते सार्वजनिक आरोग्याला धोका ठरेल असं काही, प्रत्यक्षात मुख्यतः क्षयरोगाची शंका. छातीच्या एक्स-रेवर जुना डाग दिसला तर थुंकीचं कल्चर करायला सांगतात, त्याच्या अहवालालाच दोनेक महिने लागतात. नकार नसतो तो, पण फाईल तेवढी थांबते.

आता नात्याच्या पुराव्याकडे. अरेंज्ड मॅरेज असेल तर नात्याची माहिती विचारणाऱ्या आयएमएम ५५३२ या फॉर्ममधली उत्तरं पुन्हा वाचून बघा. बहुतेक लोक ‘घरच्यांनी जमवलं, पसंत पडलं, लग्न केलं’ एवढंच लिहितात. फाईल वाचणाऱ्याला कांदेपोह्यांचा कार्यक्रम म्हणजे काय, दोन भेटींत होकार कसा देतात, साखरपुड्यानंतर सहा महिने फोनवर ओळख कशी वाढते, यातलं काही माहीत असेलच असं नाही. त्याला दिसतं एवढंच: नवरा तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आला, लग्न केलं आणि परत गेला. स्थळ कोणी आणलं, पहिला फोन कोणत्या तारखेला, एकटे पहिल्यांदा किती वेळ बोललात, होकार कोणी कधी दिला, हे तारखांसह लिहिलेलं नसेल तर आता दीड पानाचं पूरक निवेदन दोघांच्या सहीने वेबफॉर्मने देता येतं. चेकलिस्टमध्ये २० फोटो आणि संवादाची १० पानं अशी मर्यादा आहे. तेव्हा ४०० पानांचे चॅट पाठवू नका. महिन्याला एक पान निवडा, ज्यात काहीतरी ठरवलेलं दिसतं: भाड्याचं घर बघणं, आईच्या ऑपरेशनचं बोलणं, भांडणसुद्धा चालेल. ‘गुड मॉर्निंग’ आणि गुलाबाच्या फुलांची पन्नास पानं काही सिद्ध करत नाहीत.

फाईल टाकल्यावर पुरावे गोळा करायचं थांबवतात ही मोठी चूक. वर्षभराने अधिकारी विचारेल तो ‘आता काय चाललंय’ हेच. नवरा मध्ये भारतात आला तर बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, दोघांचा एकत्र प्रवास यांचा एक फोल्डर ठेवा. त्याने पैसे पाठवले तर बँकेची नोंद ठेवा. त्याच्या विम्यावर, बचत खात्यावर वारस म्हणून तुमचं नाव लावून घ्या.

नवऱ्याच्या बाजूलाही काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्याने लग्नानंतर कॅनडाच्या कर खात्याला वैवाहिक स्थिती बदलल्याचं कळवलंय का? ही सूचना लग्नाच्या पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत द्यायची असते. स्पॉन्सरशिपच्या फॉर्मवर ‘विवाहित’ आणि कराच्या कागदावर ‘सिंगल’, ही विसंगती अधिकाऱ्याला लगेच दिसते आणि नात्याविषयी शंका घ्यायला तेवढं पुरतं. नोकरी गेली तर घाबरू नका, जोडीदारासाठी किमान उत्पन्नाची अट नाही. नोकरी गेल्यावर मिळणारा एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स चालतो. प्रांताची सोशल असिस्टन्स (निर्वाहासाठीची सरकारी मदत) घेतली तर मात्र तो स्पॉन्सर म्हणून अपात्र ठरतो, त्याला अपवाद फक्त अपंगत्वाच्या मदतीचा. आणि तो पीआर आहे, नागरिक नाही, म्हणून प्रक्रिया संपेपर्यंत त्याचं राहणं कॅनडातच हवं. महिनाभर भारतात येऊन गेला तर हरकत नाही. ‘तोवर वर्षभर पुण्यातून वर्क फ्रॉम होम करतो’ असा बेत असेल तर तो रद्द करा.

तुम्ही न विचारलेला एक प्रश्न, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नवरा स्वतः पीआर म्हणून कॅनडात लँड झाला ती तारीख आणि तुमच्या लग्नाची कायदेशीर तारीख, यात आधी कोणती? आपल्याकडे पुष्कळदा विवाह नोंदणी आधी उरकतात आणि विधी, मंडप, जेवणावळ सहा महिन्यांनी होतात. घरच्यांच्या लेखी लग्न नंतरचं, पण कायद्याच्या लेखी नोंदणी विवाहाचा दिवस खरा. तो दिवस त्याच्या लँडिंगच्या आधीचा असेल आणि त्याने ‘अविवाहित’ म्हणून लँडिंग केलं असेल, तर इमिग्रेशनच्या नियम ११७(९)(ड) खाली तुम्ही फॅमिली क्लासमधूनच, म्हणजे कुटुंबीय म्हणून स्पॉन्सर करता येणाऱ्यांच्या गटातूनच, वगळल्या जाता. इथे घरी बसून उपाय करू नका, परवानाधारक वकील गाठा. तारखा सरळ असतील तर हा परिच्छेद विसरून जा.

तसाच दुसरा खड्डा जुन्या नकारांचा. अर्जात विचारतात की कुठल्याही देशाने व्हिसा नाकारलाय का. कॉलेजात असताना अमेरिकेचा स्टुडंट व्हिसा नाकारला गेला आणि ‘त्याला दहा वर्षं झाली’ म्हणून ‘नाही’ लिहिलं, असं खूप होतं. कॅनडा अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांशी बायोमेट्रिकची माहिती पडताळतो. पकडलं गेलं तर इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी येऊ शकते, मूळ नकार कितीही किरकोळ असला तरी. चुकलं असेल तर त्यांनी विचारण्याआधी तुम्हीच वेबफॉर्मने दुरुस्ती करा: काय राहिलं, का राहिलं, कागद सोबत. दहा वर्षांच्या इतिहासातली भोकंही याच वेळी बुजवा. डिग्री आणि पहिली नोकरी यांच्यातले पाच महिने ‘घरी, नोकरीच्या शोधात’ असं लिहायचे असतात, रिकामे सोडायचे नसतात.

बाळाचा विचार असेल किंवा गरोदर असाल तर तेही लगेच कळवायचं. नवरा पीआर असल्याने भारतात जन्मलेलं मूल आपोआप कॅनडाचं नागरिक होत नाही. त्याला याच फाईलीत अवलंबित म्हणून जोडावं लागतं: जन्म प्रमाणपत्र, पासपोर्ट, मेडिकल. त्याने फाईल लांबते, म्हणून ‘मी आधी जाते, बाळाचं नंतर बघू’ असं काही जण सुचवतात. न कळवता तुम्ही लँडिंग केलंत तर तुम्ही त्या मुलाला नंतर स्पॉन्सर करण्याचा रस्ता त्याच ११७(९)(ड) ने बंद होतो. मूल सोबत येणार नसलं तरी जाहीर करायचं आणि त्याची तपासणी करून घ्यायची. बाळाच्या जन्माआधी नवऱ्याला नागरिकत्व मिळालं असेल तर मात्र चित्र बदलतं. तेव्हा मूल सहसा जन्मानेच नागरिक असतं आणि त्याच्यासाठी नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राचा वेगळा अर्ज करायचा असतो.

इथवरचं एका दमात: तारखा जुळतात का बघा, नकार आणि रिकामे महिने दुरुस्त करा, बदल वेबफॉर्मने कळवा, पुरावे जमवत राहा. आता तुमचे उरलेले दोन प्रश्न, नोकरी आणि व्हिजिटर व्हिसा. ते एकमेकांत अडकलेले आहेत.

व्हिजिटर व्हिसा टाकता येतो. पीआरची फाईल चालू असणं हे नकाराचं कारण होऊ शकत नाही, कायद्याचं कलम २२(२) म्हणतं की कायम राहायची इच्छा असली तरी तात्पुरतं येण्याला त्याने बाध येत नाही, फक्त ठरलेल्या मुदतीत परत जाल याची अधिकाऱ्याला खात्री हवी. ती खात्री पटवणारा तुमचा सगळ्यात मोठा कागद म्हणजे चालू नोकरी आणि मंजूर रजेचं पत्र. म्हणून राजीनामा देऊन मग व्हिजिटर व्हिसा टाकणं हा उलटा क्रम झाला. अर्जात स्पॉन्सरशिपचा अर्ज क्रमांक उघड लिहा, लपवू नका. किती आठवडे जाणार, खर्च कोण करणार, रजा कधी संपते आणि पीआर नाकारला गेला तर काय कराल, हे एका पानात सांगा. फी १०० डॉलर. नाकारला गेला तर स्पॉन्सरशिप त्यामुळे पडत नाही, पण तो नकारही वेबफॉर्मने कळवायच्या यादीत जमा होतो.

व्हिसा मिळून तिथे पोचलात की सीमेवर साधारण सहा महिने राहायची मुभा मिळते. मे २०२३ मधल्या धोरणाने परदेशी गटातून, म्हणजे ज्याला सगळे आउटलँड म्हणतात त्यातून अर्ज केलेल्या पण कॅनडात नवऱ्यासोबत राहणाऱ्या जोडीदारालाही ओपन वर्क परमिट (कुठल्याही कंपनीत काम करायची परवानगी) मागता येतं. तो अर्ज कॅनडात असताना करायचा, फी १५५ अधिक १०० डॉलर. त्यासाठी फाईल इनलँडमध्ये, म्हणजे कॅनडात राहून अर्ज करणाऱ्यांच्या गटात, बदलून घ्या असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आउटलँड फाईल नाकारली गेली तर नवऱ्याला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे दाद मागता येते. इनलँडमध्ये ते अपील नाही, फेडरल कोर्टाची परवानगी मागत बसावं लागतं. शिवाय आउटलँडवर असताना तुम्ही भारतात येऊ-जाऊ शकता. व्हिजिटर म्हणून राहताना प्रांताचा आरोग्य विमा मिळत नाही, खासगी विमा काढूनच निघा.

मग नोकरी कधी सोडायची? माझं मत असं: पासपोर्ट मागवणारं पत्र येईपर्यंत राजीनामा लिहायचा नाही, आणि शिक्का मारलेला पासपोर्ट हातात परत आल्यावरच द्यायचा. सीओपीआरवर, म्हणजे पीआर मंजूर झाल्याच्या कागदावर, लँडिंगची शेवटची तारीख असते, ती सहसा मेडिकल किंवा पासपोर्टच्या मुदतीला बांधलेली असते आणि वाढवून मिळत नाही. तुमचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर एवढंच एक गणित आधी घाला. मेडिकलचे थोडेच महिने उरले असताना पत्र आलं तर कंपनीशी लवकर सोडण्याबद्दल बोलावं लागेल, त्याची तयारी मनात असू द्या.

हातातल्या महिन्यांत भारतात असतानाच होणारी कामं उरकून घ्या. विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट, जी बाहेर गेल्यावर मागवणं म्हणजे चुलतभावाला चार खेपा. जुन्या कंपन्यांची अनुभवपत्रं, ज्यात पद आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं असेल. वाहन परवाना जुना असेल तर आरटीओकडून त्याचा उतारा, कारण तिथे परवाना काढताना अनुभवाची वर्षं दाखवायला तो लागतो. नर्स, शिक्षिका, फिजिओथेरपिस्ट असाल तर तिथल्या नियामक संस्थेचा अर्ज भारतातूनच सुरू होऊ शकतो. फाईल टाकताना आरपीआरएफ, म्हणजे पीआरच्या हक्काची फी, भरली नसेल तर तीही आता भरून टाका. ३० एप्रिल २०२४ पासून ती ५७५ डॉलर होती. या फीचे आकडे दर दोन वर्षांनी बदलतात, भरायच्या दिवशीचा दर बघा. ती न भरलेली फाईल अगदी शेवटच्या पायरीवर थांबते.

मध्ये प्रोसिजरल फेअरनेस लेटर आलं तर? तो नकार नव्हे, नकाराआधीची शेवटची संधी आहे. त्यात शंका काय आणि उत्तराची मुदत काय, दोन्ही लिहिलेलं असतं. उत्तर त्याच शंकेला, त्याच क्रमाने, प्रत्येकासोबत कागद जोडून द्यायचं. वीस वर्षं ओळखणाऱ्या मैत्रिणीचं भावनिक पत्र जोडण्याऐवजी लग्नाच्या हॉलची पावती जोडली तर जास्त वजन पडतं. मुलाखतीला बोलावलं तर पाठांतर करू नका. नवऱ्याची शिफ्ट, घरात कोण राहतं, शेवटचं कधी भांडलात, यांची उत्तरं पाठ केलेली ओळखू येतात. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. आणि निर्णय खरंच नकाराचा आला तर अपीलाची मुदत ३० दिवसांची आहे, पत्र हातात पडल्या दिवसापासून घड्याळ सुरू.

जुन्या माहितीवरून अजूनही काही जण सांगतात की पीआर मिळाल्यावर दोन वर्षं एकत्र राहण्याची अट असते. ती अट एप्रिल २०१७ मध्ये काढून टाकली. आहे ते नवऱ्याचं तीन वर्षांचं हमीपत्र, तुम्ही पीआर झाल्या दिवसापासून मोजलेलं. त्या काळात तुम्ही सोशल असिस्टन्स घेतली तर ती रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते.

जाण्याच्या दिवसाबद्दल एकच गोष्ट, कारण नवविवाहितेच्या बॅगेत ती हमखास असते. पहिल्यांदा पीआर म्हणून उतरताना बीएसएफ १८६ या फॉर्मवर सोबत आणलेल्या आणि नंतर येणाऱ्या वस्तूंची यादी देतात. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, हार यांची नावं, अंदाजे किंमत आणि प्रत्येकाचा फोटो त्या यादीत घाला, लॉकरमध्ये ठेवून जात असाल तेही ‘नंतर येणाऱ्या’ भागात. पुढच्या वर्षी आई तुमचे तोडे घेऊन आली की कस्टमच्या खिडकीवर हीच यादी दाखवायची असते. आणि उतरलात की पीआर कार्डासाठी कॅनडातला पत्ता १८० दिवसांच्या आत कळवा. उशीर झाला तर कार्डासाठी पैसे भरावे लागतात.